व्याह्यांचा बोका

विक गावच्या बाल्दिरी कासादेसूसला दोन गोष्टींचा फार अभिमान होता. एक म्हणजे त्याच्या दुकानातलं सुकवलेलं सॉसेज आणि दुसरी त्याच्या तोंडातली कातालान भाषा. सॉसेजबद्दल अख्ख्या गावाचं एकमत होतं. भाषेबद्दल बाल्दिरीचं एकट्याचंच होतं, पण ते पक्कं होतं.

त्याच्या मते खरी, शुद्ध कातालान फक्त विकमध्ये बोलली जात होती, आणि तीही कॅथेड्रलच्या मागच्या तीन-चार गल्ल्यांत. बार्सेलोनावाले अर्धे शब्द गिळतात, लेइदावाले जांभई देत बोलतात, वालेन्सियावाल्यांचं तर नावच काढू नका, असं तो गिऱ्हाइकाला सॉसेज बांधून देता देता सांगायचा. बेटांवरच्या लोकांशी त्याची कधी गाठ पडली नव्हती. तरी ते तोंडात समुद्राचं पाणी धरून बोलत असणार, असा त्याचा अंदाज होता.

त्यात त्याचा एकट्याचा दोष नव्हता. त्या काळी शाळेत स्पॅनिश, कचेरीत स्पॅनिश, रेडिओवरही स्पॅनिश. कातालान उरली होती ती घरात आणि बाजारात. त्यामुळे ज्याच्या त्याच्या घरातली ज्याला त्याला खरी वाटायची.

बार्सेलोनात घड्याळं दुरुस्त करणारा त्याचा मुलगा मेदीर एका रविवारी घरी आला आणि म्हणाला, "मला लग्न करायचंय. मुलगी मायोर्का बेटावरची आहे. पेत्रा गावची. प्राक्सेदिस नाव. दोन वर्षांपासून बार्सेलोनात असते."

"बोलते कशी?" बाल्दिरीने पहिला प्रश्न विचारला.

"गोड बोलते."

"मी चव नाही विचारली."

"बाल्दिरी, पुरे," एल्विरा म्हणाली. ती त्याची बायको. 'बाल्दिरी, पुरे' हे दोन शब्द ती दिवसातून इतक्यांदा म्हणायची की दुकानात पोपट असता तर तोही शिकला असता. "मुलगी शिवणकाम करते, कष्टाची आहे, मेदीरला आवडली आहे. आपण जाऊन मागणी घालायची."

दुसऱ्याच आठवड्यात पेत्राहून फोन आला. गावात फोन एकट्या कॅफेत होता, त्यामुळे मुलीचा बाप मासिया रामीस बोलत असताना मागे पत्त्यांचा डाव आणि कपबश्यांचा खणखणाट चालू होता. तारेतून खरखर येत होती. मासिया ओरडून म्हणाला, "रविवारी बेरेनारला या! सगळे नातेवाईक येतील!"

"बेरेनारला येतो!" बाल्दिरीही ओरडला आणि खूष होऊन फोन ठेवला. "बघ," तो बायकोला म्हणाला, "कळलं की मला सगळं. उगाच लोक बाऊ करतात."

बोट शनिवारी रात्री बार्सेलोनाहून निघायची आणि रविवारी सकाळी मायोर्काच्या पाल्मा बंदराला लागायची. प्राक्सेदिसला रविवारी एका नवरीचा पोशाख पुरा करून द्यायचा होता, म्हणून ती आणि मेदीर एक दिवस मागून येणार होते. धक्क्यावर निरोप देताना मेदीर म्हणाला, "बाबा, त्यांचे काही शब्द वेगळे आहेत. कळलं नाही तर विचारा."

"मी? विकचा माणूस? कातालानचा अर्थ विचारू?" बाल्दिरीने हॅट नीट केली आणि तो बोटीवर चढला.

आता, विकमध्ये बेरेनार म्हणजे संध्याकाळी पाचच्या सुमाराचं खाणं. पाव, चॉकलेट, केकचा एखादा तुकडा, गोड वाइनचा पेला. म्हणून रविवारी सकाळी सात वाजता पाल्माला उतरल्यावर नवरा-बायकोने आरामात कॅथेड्रल पाहिलं, मासळीचं जेवण घेतलं, बाकावर बसून डुलक्या काढल्या आणि दुपारच्या गाडीने दोघं पेत्राला पोचले. एल्विराच्या हातात विकच्या प्रसिद्ध स्पंज केकचा डबा होता. बाल्दिरीच्या काखेत कागदात गुंडाळलेली सहा सॉसेजं होती, दुकानातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात महाग.

गावात चिटपाखरू नव्हतं. खिडक्या बंद होत्या. बाल्दिरीने दार वाजवलं तेव्हा मासियाने ते उघडलं. अंगात फाटकी बनियन, पायात चिखलाचे बूट, हातात डुकरांची बादली.

"कासादेसूस," बाल्दिरी म्हणाला. "विकहून."

मासियाने त्यांना हॅटपासून बुटापर्यंत न्याहाळलं.

"आलात," तो म्हणाला.

"आलो."

"या मग."

आत टेबल रिकामं होतं. भिंतीशी खुर्च्यांची भलीमोठी रांग होती, पण एकीवरही माणूस नव्हता. कोलोमा, म्हणजे प्राक्सेदिसची आई, स्वयंपाकघरातून एप्रनला हात पुसत आली. तिचे डोळे सुजलेले होते. तिने पाण्याचे दोन पेले ठेवले. एल्विराने केकचा डबा पुढे केला, तो कोलोमाने घेतला, "कशाला त्रास घेतलात" म्हणाली आणि तशीच आत घेऊन गेली. डबा दाराआड जाईपर्यंत बाल्दिरीची नजर त्याच्यावर होती.

"बेरेनारला बोलावलं आणि पावाचा तुकडा नाही," तो बायकोच्या कानात पुटपुटला. "नातेवाईक कुठेत? बनियनवर स्वागत! आपल्याला काय समजतात हे?"

"बाल्दिरी, पुरे. असेल त्यांची पद्धत."

त्याला काय माहीत, की मायोर्कात बेरेनार म्हणजे सकाळची न्याहारी! पहिली प्रार्थना आटोपून अठरा नातेवाईक सकाळी नऊपासून या खोलीत नव्या कपड्यांत बसले होते. पाद्री येऊन आशीर्वाद द्यायला थांबला होता. बोट वेळेवर आल्याचं स्टेशनमास्तरने सांगितलं होतं. अकरा वाजता कपांतल्या चॉकलेटवर साय धरली. साडेअकराला पाद्री गेला. बारा वाजता कोलोमाची थोरली बहीण उठली आणि जाता जाता म्हणाली, "मोठ्या भूमीवरचे लोक. आपण त्यांना कमी पडलो, दुसरं काय." ते वाक्य कोलोमाच्या काळजात अजून रुतलेलं होतं.

चौघं बसले. मासियाने घसा साफ केला. बाल्दिरीनेही केला.

शेवटी एल्विराला राहवेना. विहीणबाईंशी काहीतरी घरगुती, साधं बोलावं म्हणून तिने मांजराचा विषय काढला. तिथेच सगळं फिसकटलं. विकमध्ये बोक्याला 'गात' म्हणतात. मायोर्कात मात्र गात म्हणजे झिंगलेला, तर्र झालेला माणूस. बोक्याला मायोर्कात 'मोश' म्हणतात. आणि विकमध्ये मोश म्हणजे काय, तर तोंड पाडून बसलेला, खट्टू झालेला माणूस.

"तुमच्याकडे किती शांत आहे हो," एल्विरा म्हणाली. "आमच्या घरात एक तर दुकानाची वर्दळ, आणि त्यात तो गात. तेवढा एक घरात असला की पुरे."

कोलोमाने मान वर केली. "गात? तुमच्या घरात?"

"सहा वर्षं झाली आमच्याकडे राहायला येऊन. मेदीरचा भारी लाडका. पूर्वी दोघं एकाच पलंगावर झोपायचे."

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. मासियाने जपून विचारलं, "आणि... तो कायमच गात असतो?"

"म्हणजे काय!" एल्विरा हसली. "जन्मापासून!"

"अरे देवा," कोलोमा म्हणाली. प्राक्सेदिसने पत्रात लिहिलं होतं की मेदीरचा बिनलग्नाचा मामा त्यांच्याच घरी राहतो, ग्राऊ नावाचा. तोच हा, हे तिने मनाशी ठरवून टाकलं. तिने आवाज मऊ केला. "असतं हो एखादं, प्रत्येकाच्या घरात. फार त्रास देतो का?"

"आता नाही. आधी काय विचारता! दिवसभर चुलीपाशी लोळायचं आणि अंधार पडला की बाहेर. गल्लीतल्या एकीलाही सोडलं नाही त्याने. पहाटे कान फाटलेला, नाकावर ओरखडे, अशा अवतारात यायचा. समोरच्या औषधवाल्याकडच्या तिघींना त्याच्यापासूनच पोरं झाली."

"तिघींना!"

"मग गेल्या वर्षी बाल्दिरी म्हणाला, पुरे झालं, कापूनच टाकू."

"काय कापून टाकू?" मासियाने विचारलं.

बाल्दिरीला बरं वाटलं. निदान माणूस बोलायला तरी लागला. तो पुढे वाकला आणि म्हणाला, "आता बायकांसमोर काय सांगू तुम्हाला. समजून घ्या."

मासियाने समजून घेतलं. त्याचा चेहरा पांढरा पडला. त्याची नजर सॉसेजवाल्याच्या जाडजूड हातांवर गेली. "तुम्ही... स्वतः?"

"छे छे. गुरांच्या डॉक्टरने केलं. मी नुसते पाय धरले. त्याआधी पोत्यात घालावा लागला म्हणा, सरळपणे ऐकतोय कुठला! पण सांगतो तुम्हाला, काम दोन मिनिटांचं. आणि नंतर? सोन्यासारखा! अंग धरलं, स्वभाव निवळला, तोंडातून आवाज नाही. मी तर म्हणतो, घरोघरी करून घ्यावं."

मासियाने पायावर पाय टाकला आणि स्टूल हळूच मागे सरकवलं. कोलोमाने छातीवर क्रूस काढला. मामा अगदी अबोल आहे असंही प्राक्सेदिसने लिहिलं होतं. तो अबोल का, ते कोलोमाला आता कळलं.

'आणि या घरात माझी पोरगी जाणार,' ती मनात म्हणत होती. 'आधी बेरेनारला येत नाहीत, वर माणसं कापतात.'

तेवढ्यात रामीसांचा पिवळा बोका अंगणातून आत आला. त्याला वास लागला होता. तो टेबलाखालून सरपटत थेट बाल्दिरीच्या खुर्चीखाली शिरला, जिथे त्याने कागदाची पुडी ठेवली होती. कोलोमाने ते पाहिलं. मनात काही असो, पाहुण्याची वस्तू बोक्याने खाल्ली असं तिच्या घरात व्हायला नको होतं. तिने बाल्दिरीच्या दिशेने बोट रोखलं आणि म्हणाली, "सेन्योर बाल्दिरी, मोश!"

बाल्दिरीच्या कानावर पडलं ते 'तोंड पाडून बसलेला!' तो इतका वेळ नुसत्या पाण्याच्या पेल्यावर, चेहरा हसरा ठेवून बसला होता. आता मात्र त्याचा तोल गेला.

"मी?" तो म्हणाला. "मी मोश?"

"हो, तिथे! मोश!" कोलोमा खुर्चीकडे बोट नाचवत होती.

बाल्दिरी उठून उभा राहिला. "हे बघा बाई. मी मोश नाही. मी आयुष्यात कधी मोश नव्हतो. माझे वडील मोश नव्हते, आजोबा मोश नव्हते. अख्ख्या विकमध्ये विचारा, बाल्दिरी कासादेसूसला कुणी कधी मोश पाहिलाय का!"

रामीस नवरा-बायको थिजून त्याच्याकडे पाहत राहिले. एक धडधाकट, हॅटवाला माणूस त्यांच्या घरात उभा राहून, आपण बोका नाही, आपले वाडवडीलही बोके नव्हते, असं छातीठोकपणे सांगत होता.

मासिया बायकोकडे झुकला. त्याला ती कुजबूज वाटत होती, पण आयुष्यभर शेतातून हाका मारणाऱ्या माणसाची ती कुजबूज. "गात आहे हा," तो म्हणाला. "चांगलाच गात आहे."

"बोका?" बाल्दिरी ओरडला. "आता मला बोका म्हणता? एल्विरा, ऊठ! डबा घे!"

"बसा हो, बसा," मासिया दोन्ही हात पुढे करून म्हणाला. "होतं असं. बोटीवर थोडी जास्त झाली असेल. कोलोमा, कडक कॉफी कर. आणि चाकूबिकू तेवढे उचलून ठेव."

एल्विराही उठली. बाल्दिरी, पुरे, असं ती या वेळी म्हणाली नाही. नवऱ्याला बोका म्हटलेलं तिला स्वतःशिवाय दुसऱ्या कुणाच्या तोंडून खपत नव्हतं. ती रागाने दाराकडे वळली आणि तेवढ्यात खुर्चीखालून फर्र करून कागद फाटल्याचा आवाज आला. पिवळा बोका हातभर लांब सॉसेज तोंडात धरून, अडखळत, तिच्या पायांतून निघाला.

"अगंबाई, गात!" एल्विरा सगळं विसरून खाली वाकली. "केवढा देखणा गात! ये रे, ये माझ्या राजा!"

कोलोमाने आधी दाराकडे पाहिलं, कुणी पिऊन आलंय का म्हणून. तिथे कुणी नव्हतं. मग तिने एल्विराच्या मिठीतल्या बोक्याकडे पाहिलं. "हा गात? हा तर मोश आहे."

"खट्टू? नाही हो, मजेत आहे की. बघा, सॉसेज सोडत नाहीये."

मासिया डोळे बारीक करून विचार करत होता. तो सावकाश विचार करणारा माणूस होता, पण एकदा धरलेली गोष्ट सोडायचा नाही.

"सेन्योरा," तो अखेर म्हणाला, "एक विचारू? तुमच्या घरी जो आहे. ज्याला पोत्यात घालून... ते केलंत. त्याला शेपूट आहे का?"

"शेपूट नसेल तर काय!" एल्विरा म्हणाली. "ही अशी, झुबकेदार."

कोलोमाच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. ती रडतेय की काय असं बाल्दिरीला वाटलं. पण ती हसत होती, टेबलाची कड धरून, वाकून. "मामाला नाही कापलं!" ती नवऱ्याला म्हणत होती. "मासिया, मामाला नाही कापलं हो!"

"ग्राऊला?" एल्विराने विचारलं. "ग्राऊला कोण कशाला कापेल?" मग तिला उमगलं, आणि ती बोक्यासकट खुर्चीत बसली. हसता हसता तिच्या हॅटची पिन निघून खाली पडली. मासिया मांड्यांवर थापा मारत होता. बाल्दिरी एकटाच उभा होता.

"म्हणजे," तो शब्द मोजत म्हणाला, "तुम्ही मला खट्टू म्हणाला नाहीत."

"नाही हो," कोलोमा म्हणाली. "बोका म्हणाले, पण तोही तुम्हाला नाही."

"आणि तुम्ही मला बोका म्हणाला नाहीत."

"नाही," मासिया म्हणाला. "मी तुम्हाला दारुडा म्हणालो."

बाल्दिरीने यावर थोडा विचार केला. "मग ठीक आहे," तो म्हणाला आणि बसला.

कोलोमा डोळे पुसता पुसता एकदम गंभीर झाली. "पण मग सकाळी का नाही आलात?"

"सकाळी? तुम्ही बेरेनारला बोलावलंत ना?"

"मग? बेरेनार सकाळीच असतं ना?"

कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. एल्विराने तोंडावर हात ठेवला. बाल्दिरीने भिंतीशी लावलेल्या खुर्च्यांकडे पुन्हा पाहिलं, आणि या वेळी त्या त्याला नीट दिसल्या. कोनाड्यात धुवून पालथ्या घातलेल्या कपांची चळत होती. बाजूला इस्त्री केलेला, लेस लावलेला पांढरा टेबलक्लॉथ घडी घालून ठेवला होता. कोलोमाचे डोळे कशाने सुजले होते तेही त्याला कळलं. मेदीर धक्क्यावर काय म्हणाला होता ते आठवून त्याचे कान तापले.

"किती वेळ थांबलात?" त्याने विचारलं.

"दुपारपर्यंत," कोलोमा म्हणाली. "एन्साइमादा मागवली होती, आमचा गुंडाळीचा गोड पाव. गाडीच्या चाकाएवढी."

"मग ती..."

मासियाने खाली पाहिलं. "डुकरांना घातली," तो म्हणाला. "रागाच्या भरात. भाजलेलं मांसही. आणि चॉकलेटसुद्धा."

चूक झाली, हे वाक्य बाल्दिरी कासादेसूसच्या तोंडून आजवर दुकानात, घरात किंवा पाद्र्यासमोर कधी निघालं नव्हतं. ते आत्ताही निघालं नाही. तो म्हणाला, "दाखवा तुमची डुकरं."

दोघं मागच्या आवारात गेले. कुंपणात दोन काळी डुकरं पोट वर करून, नाकाला चॉकलेट लागलेल्या अवस्थेत घोरत होती. बाल्दिरी कुंपणावर हात टेकून बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिला. इतकं चांगलं जनावर त्याने विकमध्ये पाहिलं नव्हतं. त्याने एकाच्या मानेखालच्या मांसल भागाकडे बोट केलं.

"याला तुम्ही काय म्हणता?" त्याने विचारलं.

मासियाने सांगितलं. बाल्दिरीने तो शब्द दोनदा तोंडात घोळवला, चव घेतल्यासारखा. मग त्याने पाठीबद्दल विचारलं, आतड्याबद्दल विचारलं, खुराबद्दल विचारलं. सगळेच शब्द वेगळे नव्हते. जिथे सारखा निघायचा तिथे दोघं एकमेकांच्या खांद्यावर थाप मारायचे, जणू त्यांनी मिळून काही मोठं काम केलंय.

ते आत आले तेव्हा टेबलावर पांढरं कापड अंथरलेलं होतं. मधोमध विकचा केक आणि बोक्याच्या तावडीतून वाचलेली पाच सॉसेजं होती. बातमी कशी पसरली कोण जाणे, पण खुर्च्या भरायला लागल्या होत्या. कोलोमाची थोरली बहीण अंजिरांची परडी घेऊन आली आणि दारातच म्हणाली, "गुरांचा डॉक्टर कुठेय? आमच्या यांनाही दाखवायचंय." पाद्रीसुद्धा आला. त्याने केकला आशीर्वाद दिला आणि पहिला तुकडा स्वतः घेतला.

लग्न सप्टेंबरात ठरलं. कुठे करायचं यावर थोडी घासाघीस झाली, पण ते कुठल्याही लग्नात होतंच. मग पाद्र्याने सहज विचारलं, "नातवंडं झाली की ती कुठली भाषा बोलतील? यांची की त्यांची?"

बाल्दिरी आणि मासिया दोघेही विचारात पडले. मग मासिया हळूच म्हणाला, "पोरं राहणार बार्सेलोनात. म्हणजे धड यांची नाही, धड आमची नाही."

"शब्द गिळणार," बाल्दिरी म्हणाला.

"स्पॅनिश मिसळणार."

"नाकात बोलणार."

दोघांनी एकदम उसासा टाकला आणि पेले भरले. त्या संध्याकाळी त्यांचं पहिल्यांदाच एखाद्या गोष्टीवर पूर्ण एकमत झालं होतं. मुलांनी लहानपणी सगळ्या सुट्ट्या पेत्रात आणि विकमध्ये काढायच्या, हे तिथल्या तिथे ठरलं. विहिणींचं मत विचारलं नाही, कारण त्या दोघी स्वयंपाकघरात बोक्याला उरलेलं सॉसेज भरवत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघं पाल्माच्या धक्क्यावर उभे होते. बोटीतून मेदीर आधी उतरला. आईबाप सासूसासऱ्यांशी हसतायत हे पाहून तो जिन्यावरच थबकला, कारण रात्रभर तो काळजीने झोपला नव्हता. त्याच्या मागून प्राक्सेदिस आली. उंच, सावळी, हसरी. तिने आईला मिठी मारली, बापाच्या गालाचे मुके घेतले आणि म्हणाली, "बाबा, ला मालेता घ्या ना, जड आहे."

मासिया बॅगेकडे वाकलेला होता तो तसाच थांबला. मायोर्कात बॅगेला 'सा मालेता' म्हणतात. घर, टेबल, बाई, अशा शब्दांआधी तिथे 'सा' लागतो. 'ला' लावतात ते मोठ्या भूमीवरचे. दोन वर्षांत पोरीच्या जिभेवरून गाव पुसलं गेलं होतं, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. त्याचा हात बॅगेच्या कडीवर नुसता पडून राहिला.

बाल्दिरीने हॅट काढली.

"मुली," तो म्हणाला, "सा मालेता म्हण. बापाशी बापासारखं बोलावं."

प्राक्सेदिसने चमकून मेदीरकडे पाहिलं. सासऱ्याबद्दल तिला बार्सेलोनात बरंच काही सांगण्यात आलं होतं. त्यात हे नव्हतं. मेदीरने खांदे उडवले.

"सा मालेता," ती म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम वेगळा, लहान मुलीसारखा झाला.

"हां," मासिया म्हणाला. त्याने नाक ओढलं, बॅग उचलली. दुसरी कडी बाल्दिरीने धरली. दोघांची उंची वेगळी असल्यामुळे बॅग एका बाजूला कलली, आणि चार पावलं जात नाहीत तोच, ती नेमकी कशी धरावी यावर त्यांचं जोरात भांडण सुरू झालं.